उजनीकडं निघालेलं भुईतलं पाणी

चि. सोनूस,

भीमेवरच्या उजनी धरणाच्या जलाशयात जमिनीखालून किती नायट्रेट उतरतं, याचं प्रतिमान तू संगणकावर बांधायला घेतलंस, हे कळलं आणि ऊर भरून आला. मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेला मिळते तेव्हा तिच्यासोबत पुण्याचं सांडपाणी येतं, ते सगळ्यांना दिसतं. पण आपल्या शिरूर-दौंडच्या उसाला पडलेला जादा युरिया नायट्रेट होऊन पाण्याबरोबर मुरतो आणि मुरमातून, काळ्या पाषाणाच्या भेगांतून सरकत राहतो, तो कुणाला दिसत नाही.

भुईतलं पाणी किती वेगानं सरकतं ते काढायला तू शिकवलेला डार्सीचा १८५६ सालचा नियम मी वहीत मांडून पाहिला, बरं का! खडकाची पाझरक्षमता दिवसाला १ मीटर, विहिरींतल्या पातळीचा उतार शंभराला १ आणि पोकळी ५ टक्के धरली, तर पाणी दिवसाला २० सेंटिमीटर सरकतं, म्हणजे किलोमीटरभर जायला ५,००० दिवस, जवळजवळ १४ वर्षं. मोठी भेग लागली तर लवकर, चिकणमाती लागली तर आणखी उशिरा.

म्हणून बाळा, घाई तेवढी करू नकोस. विहिरींची पातळी पहाटे मोजत जा, कारण मोटार सुरू झाली की पाणी खाली जातं आणि माप फसतं. वीज रात्रीची असली, तर मोटार कधी बंद केली ते मालकाला विचारून घे (आणि चहा पुढं केला तर नाही म्हणू नकोस). मे महिन्यात एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा, असं दोनदा मोज. धरण तुडुंब असताना काठच्या विहिरींकडं पाणी उलटं ढकललं जातं आणि धरण उतरलं की तेच पाणी माघारी फिरतं, हे एका फेरीत कळायचं नाही. आकड्यांतही काटकसर ठेव. जे मोजलंय त्याच्याच जोरावर बोल.

आणि एक सांगून ठेवतो. उद्या तुझं ऐकून एखाद्या शेतकऱ्यानं युरिया कमी केला आणि पुढच्या वर्षी जलाशयात काही फरक दिसला नाही, तर त्याचे कष्ट वाया गेले असं कुणाला म्हणू देऊ नकोस. आधी मुरलेलं अजून वाटेत आहे, हे त्याला बांधावर बसून नीट समजावून सांग. तुझं प्रतिमान त्याच्या उपयोगी पडेल ते तिथंच.

तुझे आजोबा