नुसता आकडा

सर्व्हरने ब्राउझरला एक आकडा परत द्यायचा. याहून साधे काम नाही असे मानतात, आणि म्हणूनच त्याचा फारसा विचार कोणी करत नाही.

वाटेत आकडा आकडा राहत नाही. ४२ म्हणजे तारेवरून जाणारी दोन अक्षरे. पलीकडच्या जावास्क्रिप्टने ती मजकूर म्हणूनच घेतली, तर त्यांत १ मिळवल्यावर ४२१ होतात. मनातला अर्थ शब्दांबरोबर आपोआप पोचतो, ही समजूत माणसांचीही सुटत नाही.

नोडवरच्या एक्सप्रेसच्या जुन्या आवृत्त्यांत, गोदामातली शिल्लक म्हणून ‘सेंड’ला नुसता ४०४ दिला की तो स्टेटस कोड समजला जाई. माल ४०४ पोती. उत्तर ‘नॉट फाउंड’. आगापिछा नसलेले बोलणे ऐकणारा आपल्या सवयीने लावून घेतो. दोष त्याला देता येत नाही.

२००६ च्या जेसनच्या नियमात नुसता आकडा हे पूर्ण उत्तर नव्हते. भोवती ऑब्जेक्ट किंवा अ‍ॅरे लागे. २०१४ मध्ये ही अट गेली. मला जुनी शिस्त अजून बरी वाटते. ‘शिल्लक’ या नावाखाली आकडा गेला, की उद्या त्याच्या शेजारी एकक बसवता येते, तारीख बसवता येते. एकट्या आकड्याशेजारी जागाच नसते.

९००७१९९२५४७४०९९३ एवढा मोठा आकडा पाठवला, तर ब्राउझर शेवटी ९९३ऐवजी ९९२ वाचतो. एररही येत नाही. २०१० मध्ये ट्विटर आपले लांबलचक आयडी स्ट्रिंग म्हणूनही देऊ लागले, ते यामुळेच. चुकताना जो अडखळत नाही, त्याच्यावर लोक सर्वाधिक विसंबतात.

शून्याचे काम सर्वांत जोखमीचे. खात्यात शून्य रुपये असणे वेगळे, खात्याची माहितीच न येणे वेगळे. घाईत लिहिलेल्या कोडमध्ये दोन्ही एकाच ‘इफ’मधून जातात, फसलेल्या गणिताचा ‘नॅन’ही जेसनमध्ये ‘नल’ होऊन जातो, आणि कोणीतरी त्या जागी शून्य छापतो. अशा शून्यापुढे उभे राहिलेले वडीलधारे माणूस पाहिले, की हा प्रश्न केवळ तांत्रिक वाटत नाही. ते चौकशी न करता निघून जाते. कमी मिळण्याची ज्याला सवय असते, त्याला शून्य लगेच पटते.

शून्य पाठवायचे ते मोजून. मोजता आले नसेल तिथे ‘नल’ जावा. पडद्यावर ‘माहिती मिळाली नाही, थोड्या वेळाने पुन्हा पाहा’ एवढे लिहायला कोडची एखादी ओळ लागते.