काठी आणि ऊब

वाचावयाचा भाग : २ राजे ४:१८–३७, याकोब २:१४–१७



शुनेम गावच्या बाईची गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. तिचा एकुलता मुलगा कापणीच्या दिवशी शेतात आजारी पडला, दुपारपर्यंत आईच्या मांडीवर होता, आणि तेथेच त्याचा प्राण गेला. अलीशाने प्रथम आपला चाकर गेहजी ह्यास काठी देऊन पुढे धाडिले. गेहजीने काठी मुलाच्या तोंडावर ठेविली व तसाच परत फिरला. मुलात काही फरक पडला नाही. मग संदेष्टा स्वतः आला, दार लावून त्याने प्रार्थना केली, आणि आपले अंग त्या लहानग्या अंगास भिडविले. तेव्हा कोठे त्या थंड देहात ऊब आली.

तो चमत्कार होता, व चमत्काराला उष्णतेच्या नियमांत बसविण्याचा माझा हेतू नाही. परंतु मुलगा उठण्यापूर्वी त्याचे अंग ऊबदार झाले, हे लिहिणाऱ्याने मुद्दाम नमूद केले आहे. ऊब एका देहातून दुसऱ्यात कशी जाते, हे आज पाहू. कारण आपल्या गावांत थंडीच्या दिवसांत जन्मणाऱ्या बाळांचा जीव पुष्कळ वेळा एवढ्याच ज्ञानावर अवलंबून असतो.

आमटीत पितळेची पळी ठेवून पाहा. थोड्या वेळाने तिचा दांडा हाती धरवत नाही. लाकडी चाटूचा मात्र धरवतो. आग लागली म्हणजे लोक विहिरीपासून घरापर्यंत रांग करून घागर हातोहात देतात. माणूस जागचा हलत नाही, घागर पुढे जाते. धातूचे कण ह्याच रीतीने उष्णता शेजाऱ्यास देतात. ह्यास वहन म्हणतात. त्यासाठी स्पर्श पाहिजे. पदार्थापदार्थांत भेदही मोठा आहे : स्थिर हवेपेक्षा पाणी सुमारे २५ पट अधिक उष्णता वाहून नेते, आणि लोखंड पाण्याच्या शंभरपटींहून अधिक.

दुसरी वाट अभिसरणाची. हंड्यात डाळ शिजत असता दाणे खालून वर व वरून खाली फिरतात. तळाचे पाणी तापून हलके होते व वर चढते. वरचे थंड व जड पाणी त्याची जागा घेते. येथे घागर हातोहात जात नाही; भरलेली घागर घेऊन माणूसच चालू लागतो. चुलीवरची हवा अशीच आढ्याकडे जाते. (ऊन किंवा निखाऱ्याची धग दुरून लागते ती तिसरी वाट, तिला प्रारण म्हणतात. तिचा विस्तार आज करीत नाही.)

आता गोधडीचे पाहा. तिच्या अंगी स्वतःची ऊब मुळीच नसते. ती आपल्या थरांत हवा कोंडून धरते, तिला फिरू देत नाही, म्हणून आतली उष्णता आत राहते. गोधडी सावकार नव्हे, राखणदार आहे. गारठलेले मूल नुसते गोधडीत गुंडाळले, तर ती गारठ्याचीच राखण करील.

हे ध्यानात घेऊन बाळंतिणीच्या खोलीत चला. मूल आईच्या उदरात ३७ अंशांहून किंचित अधिक उष्णतेत होते. ते ओलेच बाहेर येते. अंगावरचे पाणी सुकताना ऊब नेते, ओले फडके स्पर्शाने नेते, सारवलेली जमीन खालून नेते, दाराच्या फटीतून आलेली हवा वरून नेते. वजनाच्या मानाने त्याचे अंग पसरट, कातडीखाली चरबी थोडी, आणि मोठ्या माणसाप्रमाणे कुडकुडून ऊब उत्पन्न करणे त्यास साधत नाही. आम्ही काय करितो? त्यास लगेच न्हाऊ घालितो, आईपासून वेगळे निजवितो, आणि बाजेखाली निखारे ठेवितो! निखाऱ्यांनी तापलेली हवा आढ्याला जाते, तिच्या जागी दाराखालून गार हवा जमिनीलगत येते, आणि बंद खोलीत धूर व वास नसलेला विषारी वायू मायलेकरांच्या वाट्यास राहतो.

सन १९७८ मध्ये कोलंबिया देशातील बोगोटा शहरी डॉ. एडगर रे ह्यांच्या इस्पितळात अशक्त बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या पुरेनात. तेव्हा त्यांनी बाळे आयांच्या उघड्या छातीशी बांधविली. कांगारूच्या पिशवीवरून ह्या रीतीस नाव पडले. पुढे भारतासह ५ देशांत मोठी परीक्षा झाली व तिचा निकाल २०२१ साली प्रसिद्ध झाला. तीत १ किलोपासून १.८ किलोच्या आतली बाळे होती. प्रकृती स्थिर होईपर्यंत ज्यांना आईपासून दूर ठेविले, त्यांतील शेकडा सुमारे १६ पहिल्या २८ दिवसांत दगावली. जन्मल्याबरोबर ज्यांना आईच्या छातीशी ठेविले, त्यांतील शेकडा १२. ज्या घरचे मूल वाचले त्या घराला विचारा, हा फरक लहान की मोठा.

ह्यास पैसा लागत नाही. मूल कोरडे पुसावे, ओले फडके टाकून द्यावे, डोक्यास टोपडे घालावे, उघड्या अंगाने आईच्या छातीशी ठेवावे, आणि गोधडी दोघांवर मिळून घ्यावी. आता राखणदारास राखावयास काही मिळाले. स्नान पहिले २४ तास नको. पोट ऊबदार पण पाय गार लागले, तर मूल गारठू लागले असे समजावे. मूल फार लहान असेल तर दवाखान्यात न्यावेच; वाटेतही ते छातीशीच असावे. आई बेशुद्ध असल्यास बापाची किंवा आजीची छाती चालते.

पण एक अडचण आहे, व ती उष्णतेच्या नियमांतली नाही. आपण ख्रिस्ती झालो, तरी सुवेराचा विटाळ आपल्या सगळ्या घरांतून गेला असे नाही. कोठे कोठे अजूनही दहा दिवस मायलेकरांस कोणी शिवत नाही. ज्यांच्या आजापणजांनी विटाळाच्या नावाखाली गावाबाहेर दिवस काढिले, त्यांच्याच घरी तान्ह्या मुलास शिवण्याची भीती असावी, हे मला फार कठीण वाटते.

उपदेशक बंधूंनो, अशा घरी तुम्हांस प्रार्थनेसाठी बोलावितात. उघड्यानागड्यास केवळ आशीर्वाद देऊन वाटेस लावणाऱ्याविषयी याकोब काय लिहितो ते तुम्हीच मंडळीस वाचून दाखविता. प्रार्थना अवश्य करा, अलीशानेही केली. मग पुरुषमंडळींस घेऊन अंगणात या, आजीबाईस आत पाठवा, लाजेखातर मध्ये एक लुगडे टांगावयास सांगा, आणि मूल छातीशी ठेविले असा निरोप बाहेर येईपर्यंत त्या घरून हलू नका.