बॉल गेला!



लहान मुलांना आपणच शिकवतो, असा आपला समज असतो. गेल्या मे महिन्यात घरभेटीला गेलो असता एका पाच वर्षांच्या गुरूने आमचा तो समज पुरता उतरवला. हकीकत त्याच्या आजीने सांगितली.

दोन सख्खे भाऊ, मधे कुंपण आणि दहा वर्षांचा अबोला. मिस्सात शांती देताना दोघे दोन टोकांच्या बाकांवर! (आम्ही आल्तारावरून ते पाहत होतो आणि गप्प होतो, हेही कबूल करतो.) पोराला सक्त ताकीद होती, काकाच्या अंगणात पाय टाकायचा नाही. पण रोज संध्याकाळी बॉल नेमका कुंपणापलीकडे जायचा. आणायला गेलेले पोर अर्ध्या तासाने परतायचे, तोंडाला काकीच्या लाडवाचा चुरा.

"एवढा वेळ?"

"बॉल सापडत नव्हता."

एकदा पपाने बॉलच कपाटात ठेवला. त्या संध्याकाळी चप्पल पलीकडे गेली!

यशया संदेष्ट्याच्या 11 व्या अध्यायात लांडगा आणि कोकरू एकत्र राहतात, वासरू आणि सिंह एकत्र येतात, आणि त्यांना वळायला कुणी मोठा मेंढपाळ नव्हे, लहान मूल असते. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हांला ते नुसते रूपक वाटले होते.

मग पोराला ताप आला. दोन संध्याकाळी कुंपण शांत. तिसऱ्या दिवशी काका स्वतः फाटकाशी आला, खाली मान घालून म्हणाला,

"आमचा बॉल आलाय का इकडे?"

त्याच्या घरी बॉल नव्हताच कधी. आजीने उठून फाटकाची कडी काढली.