मान कशाचा?

राष्ट्र आपला सर्वोच्च रणसन्मान देतें, तो मारण्याबद्दल कीं स्वतःस धोक्यांत घालण्याबद्दल? परमवीरचक्र २६ जानेवारी १९५० रोजीं स्थापन झालें. त्याची आकृति सावित्रीबाई खानोलकर ह्या, जन्मानें युरोपीय परंतु विवाहानें मराठी झालेल्या, बाईंनीं रेखिली. तींत वज्र आहे. आणि वज्र, पुराणकथेप्रमाणें, दधीचि ऋषींनीं दिलेल्या स्वतःच्या अस्थींचें!

रामा राघोबा राणे ह्यांनीं एप्रिल १९४८ मध्यें राजौरीच्या वाटेवर, घायाळ असतांही, गोळीबारांत सुरुंग काढिले व पाडलेलीं झाडें हटविलीं. त्याबद्दल त्यांस हें चक्र मिळालें. त्या वाटेनें पुढें रणगाडेच गेले, हेंही आम्ही लपवीत नाहीं. २०२३ सालीं अंदमान-निकोबारांतील २१ बेटांस परमवीरांचीं नांवें दिलीं. त्यांत एक राणे ह्यांचें आहे.