बळीचं राज्य मागे की पुढे?

पेशवाई १८१८ मध्ये बुडाली. ती डोळ्यांनी पाहिलेली माणसे हयात होती तेव्हाच, १८४८ पासून, गोपाळ हरी देशमुख ‘लोकहितवादी’ या नावाने ‘प्रभाकर’ साप्ताहिकात पत्रे लिहू लागले. त्यांचे वडील पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्या पदरी होते. गेलेल्या राज्यासाठी हळहळण्याचा हक्क यांच्याइतका आणखी कुणाला असणार? पण त्यांनी त्या राज्याचे आणि ते घालवणाऱ्या अडाणीपणाचे वाभाडेच काढले, वर हिंदुस्थानात पार्लमेंट असावे असा विचारही मांडला. पुढे काहीतरी चांगले येणार अशी या पिढीची खात्री होती. म्हणून मागच्याला शिव्या घालणे तिला परवडत होते.

१८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ निघाली आणि वारे फिरले. लोकहितवादींवर त्यांनी कडाडून टीका केली, पूर्वजांचा अभिमान बाळगायला शिकवले. मधल्या पंचवीस वर्षांत जुने राज्य काही सुधारले नव्हते. इंग्रजांच्या हातून आपले भले होईल हा भरवसा तेवढा आटला होता.

जोतीराव फुल्यांचे गणित मात्र निराळे. त्यांना लोकहितवादींची इंग्रजी विद्या हवी होती आणि भूतकाळही हवा होता, पण तो दरबारातला नव्हे. ‘गुलामगिरी’त (१८७३) त्यांनी अवतारकथा उलट्या बाजूने वाचल्या. पाताळात घातलेला बळी हा त्यांच्या लेखी शेतकऱ्यांचा न्यायी राजा ठरला. इतिहास म्हणून हे टिकते का, यावर विद्वानांनी खुशाल भांडावे. बलिप्रतिपदेला ओवाळताना बायका ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणतात, त्यात गेलेल्या राज्यासाठी रडगाणे नाही, ते पुन्हा यावे अशी मागणी आहे. भूतकाळ असा पुढे उभा करता येतो, हे फुल्यांनी आपल्या सगळ्या विचारवंतांत आधी ओळखले, असे मला वाटते.

स्वातंत्र्यानंतर काही काळ भविष्याचीच चलती होती. धरणे, कारखाने, पंचवार्षिक योजना. कोयनेच्या पाण्याने राज्याला वीज दिली. ज्यांची गावे बुडाली त्यांच्या पुढच्या पिढ्यांनाही पुनर्वसनासाठी मोर्चे काढावे लागले. भविष्याच्या नावाने घेतलेली उधारी अशी थकत गेली, आणि लोकांचा त्यावरचा विश्वास उडाला तर त्यात लोकांचा काय दोष?

आज पुन्हा तलवारी, पुतळे, जयंत्यांचे दिवस आहेत. हे इतिहासाचे प्रेम आहे असे मानायला मी तयार नाही. प्रेम असते तर गडावर प्लॅस्टिकच्या बाटल्या पडल्या नसत्या, मोडी वाचणारेही शोधावे लागले नसते. पुढच्या निवडणुकीत कुणी साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या लढाईवर मत मागायला आला, तर दहा वर्षांनी आपल्या गावाला पाणी कुठून येणार, एवढे त्याला जरूर विचारा.