दान आणि दात्याची मूठ

दान या शब्दाभोवती आपण इतके पावित्र्य गुंडाळून ठेवले आहे, की दात्याकडे चिकित्सक नजरेने पाहणे कृतघ्नपणाचे वाटू लागते. भुकेल्याला अन्न आणि आजाऱ्याला औषध देणाऱ्याच्या बाबतीत ही भीड समजण्यासारखी आहे. परंतु दुसऱ्याला स्वतंत्र करणे हाच ज्या दानाचा हेतू, त्याच्या बाबतीत एक प्रश्न आम्हांला सतावतो. स्वातंत्र्यासाठी देणाऱ्याने घेणाऱ्यावर आपला अधिकार राखावा काय? आणि राखला, तर जे दिले त्याला स्वातंत्र्य म्हणावे काय?

हा प्रश्न हवेत सोडवण्यापेक्षा एका चरित्राच्या आधारे तपासावा असे आम्हांला वाटते. अल्वा बेलमाँट ही अमेरिकेतील धनाढ्य स्त्री. जन्म १८५३ सालचा, अलाबामा राज्यातील मोबील शहरी. १८७५ साली तिचा विवाह व्हँडरबिल्ट या रेल्वेसम्राटांच्या घराण्यात झाला. न्यूपोर्ट येथे समुद्राकाठी तिच्यासाठी 'मार्बल हाउस' हा प्रासाद उभा राहिला. १८९२ साली तो पूर्ण झाला तेव्हा त्यावर एक कोटी दहा लाख डॉलर खर्च झाल्याचे सांगतात. १८९५ साली तिने घटस्फोट घेतला. त्या काळी प्रतिष्ठित घरांची दारे अशा स्त्रीला बंद होत. हिने ती पुन्हा उघडायला लावली. दुसरे पती ऑलिव्हर बेलमाँट १९०८ साली वारले, आणि पंचावन्न वर्षांच्या या विधवेने आपले धन व दांडगी इच्छाशक्ती स्त्रियांच्या मताधिकारासाठी जुंपली.

१९०९ साली तिने 'पोलिटिकल इक्वॅलिटी असोसिएशन' स्थापन केली. मताधिकारासाठी झटणाऱ्या राष्ट्रीय संघाची कचेरी ओहायोमधील एका लहान गावात होती. ती न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर आली ती हिने भाडे भरले म्हणून. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये ब्लाऊज शिवणाऱ्या हजारो कामगार मुलींनी संप पुकारला. त्यांत रशियातून आलेल्या ज्यू मुली होत्या, इटालियन कॅथलिक मुलीही होत्या. अल्वाबाईंनी सभेसाठी हिप्पोड्रोम हे विशाल नाट्यगृह भाड्याने घेतले, आणि एका रात्री न्यायालयात बसून राहून पकडलेल्या मुलींच्या जामिनासाठी मॅडिसन ॲव्हेन्यूवरील आपले राहते घर तारण ठेवले. धनिकांची भाषणे पुष्कळ ऐकायला मिळतात. चोरट्यांच्या आणि दारुड्यांच्या गर्दीत असे ताटकळत बसणे वेगळे. तरीही समाजवादी कामगारांना या उंची फर पांघरलेल्या बायकांचा संशय येई. लढा आमचा आणि छायाचित्रे यांची, असे त्यांना वाटले असल्यास आम्ही त्यांना दोष देणार नाही.

कलेचाही तिने याच कामी उपयोग केला. १९१६ साली एल्सा मॅक्सवेल या तरुण संगीतकार स्त्रीच्या साथीने तिने एक लहानशी विनोदी संगीतिका रचली. वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात तिचा प्रयोग झाला आणि उत्पन्न चळवळीला मिळाले. त्या रचनेला वाङ्मय म्हणून फारसे मोल नसावे. पण ज्यांच्याकडे मत मागायचे त्यांना आधी हसवावे, हे तिला उमगले होते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या संस्थेला ती पैसा देई तिथे आपला शब्द चालावा, अशी तिची अपेक्षा असे. राष्ट्रीय संघ तिला मवाळ वाटला तेव्हा तिने थैली उचलली आणि ॲलिस पॉल यांच्या जहाल गटाकडे नेली. पुढे हा गट 'नॅशनल वुमन्स पार्टी' झाला आणि १९२१ साली ती त्याची अध्यक्ष झाली. याच गटातील ल्यूसी बर्न्स या ब्रुकलिनच्या आयरिश कॅथलिक घरातील. मताधिकारासाठी अमेरिकेत त्यांच्याएवढा तुरुंगवास कोणत्याही स्त्रीने सोसला नाही. १९१७ च्या नोव्हेंबरात एका रात्री त्यांचे हात बेड्या घालून डोक्याच्या वर, कोठडीच्या गजांना बांधून ठेवले होते. अल्वाबाई कधी तुरुंगात गेल्या नाहीत. वॉशिंग्टनमध्ये पक्षासाठी १९२९ साली त्यांच्या पैशाने घेतलेले घर २०१६ मध्ये राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाले. त्याचे नाव 'बेलमाँट-पॉल'. म्हणजे पैसा देणारीचे नाव आधी, उपोषण करणारीचे नंतर, आणि बर्न्सबाईंचे नाहीच. आमच्या देवालयांतील बाकांवर दात्यांची नावे कोरलेली असतात, ते बाक रंधून देणाऱ्या सुताराचे नाव आम्ही अजून कुठे वाचले नाही, तेव्हा अमेरिकनांना हसण्याचे कारण नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण मिरियम लेस्ली या प्रकाशिकेचे. १९१४ साली ती वारली, तेव्हा सुमारे वीस लाख डॉलरची जवळजवळ सारी मालमत्ता तिने मताधिकार-चळवळीच्या नेत्या कॅरी चॅपमन कॅट यांना दिल्याचे आढळले. खर्च कसा करायचा हे कॅटबाईंनीच ठरवावे, एवढेच मृत्युपत्रात होते. नातलगांच्या दाव्यांत निम्म्याच्या आसपास रक्कम गेली. उरलेली १९१७ पासून कामी आली. या दानात हुकूम नव्हता, हे खरे. पण मेलेल्या माणसाला मूठ उघडी ठेवणे सोपे जाते. अल्वाबाईंना ती जिवंतपणी उघडायची होती.

१९२० साली मताधिकार मिळाला तेव्हा मतपेटीने कुणाचा पैसा म्हणून विचारले नाही. त्यामुळे असे दान नाकारावे, असे आम्ही म्हणत नाही. घेणाऱ्याने घ्यावे, आणि दात्याने सोबत पाठवलेला लगाम परत करावा. ॲलिस पॉलसारख्या खंबीर बाईला हे थोडेफार जमले. घरातल्या एका मुलीला मात्र ते जमण्यासारखे नव्हते.

ती मुलगी अल्वाबाईंची स्वतःचीच. कॉन्सुएलो अठरा वर्षांची असताना तिचे मन दुसऱ्या एका तरुणावर जडले होते. आईने तिच्यासाठी इंग्लंडमधील मार्लबरोचे ड्यूक निवडले. मार्बल हाउसमध्येच ड्यूकने मागणी घातली. वडिलांकडून पंचवीस लाख डॉलरचे रेल्वे-समभाग देण्याचे ठरले आणि ६ नोव्हेंबर १८९५ रोजी न्यूयॉर्कच्या सेंट थॉमस या अँग्लिकन परंपरेच्या चर्चमध्ये विवाह झाला. आपल्याला कोंडून ठेवले, आईच्या जिवाला धोका असल्याचे सांगून नमवले, असे कॉन्सुएलोने पुढे १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत लिहिले. १९०६ साली पतिपत्नी विभक्त झाली. आणि जुलै १९१४ मध्ये त्याच मार्बल हाउसमध्ये आईने भरवलेल्या स्त्रियांच्या परिषदेत ही मुलगी वक्ती म्हणून उभी राहिली! ज्या छताखाली तिला होकार द्यावा लागला, त्याच छताखाली स्त्रीच्या हक्कांची चर्चा झाली.

येथे आमच्या प्रश्नाला ख्रिस्तसभेच्या एका जुन्या नियमाचा आधार मिळतो. विवाह घडतो तो वधूवरांच्या संमतीने, आणि ही संमती त्यांच्या वतीने दुसरे कोणीही देऊ शकत नाही. ना बाप, ना राजा, ना धर्मगुरू. कॉन्सुएलोने १९२१ साली घटस्फोटानंतर झाक बाल्साँ या फ्रेंच कॅथलिकाशी लग्न केले होते. त्याच्या घरच्यांच्या दृष्टीने पहिला विवाह अजून उभा होता. १९२६ साली तो शून्य ठरवण्याचा अर्ज प्रथम साउथवर्क धर्मप्रांताच्या न्यायासनापुढे आणि मग रोमच्या रोटापुढे गेला. त्या प्रकरणात त्र्याहत्तर वर्षांच्या अल्वाबाईंनी साक्ष दिली, की मुलीने स्वखुशीने लग्न केले नव्हते, ते आपण लादले. विवाह शून्य ठरला. बातमी फुटली तेव्हा वृत्तपत्रांना मोठेच खाद्य मिळाले.

सोयीसाठी केलेला हा कांगावा होता, असे म्हणणारे तेव्हाही होते. मुलीचा संसार सासरच्यांना मान्य व्हावा ही सोय त्यात होती, हे नाकारता येत नाही. परंतु मुलीचे कथन आणि आईची साक्ष एकमेकींशी जुळतात, आणि आम्ही ती खरी मानतो. स्त्रियांच्या एका राष्ट्रीय पक्षाची अध्यक्ष आपण स्वतःच्या मुलीशी काय केले ते सांगत होती. पैसे दिले तेव्हा प्रत्येक वेळी तिला अधिकार मिळाला होता. या साक्षीने उरलासुरला गेला. चळवळीला दिलेल्या सगळ्या रकमा एका बाजूला ठेवल्या, तरी आमच्या मते तिने मोकळ्या हाताने दिले ते हेच.

२६ जानेवारी १९३३ रोजी ती पॅरिसमध्ये वारली. अंत्यविधी न्यूयॉर्कच्या सेंट थॉमस चर्चमध्येच झाला. कॉन्सुएलोचे लग्न लागले ती इमारत १९०५ साली जळून गेली होती, ही तिच्या जागी बांधलेली नवी. शवपेटीचे मानकरी म्हणून या वेळी सगळ्या स्त्रियाच होत्या.