आत किती फूट?

पाठ टेकवून बसा. तळपाय जमिनीला लागू द्या. श्वास चालतोय तसा चालू दे.

मनाने पंचगंगा घाटावर या. पावसाळ्यातली संध्याकाळ आहे. पाणी गढूळ, कालची पायरी आज दिसत नाही. या दिवसांत कोल्हापुरात माणसं भेटली की आधी विचारतात, ‘आज किती फूट?’ राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ धोका पातळी. इथल्या पोरासोरांनाही हे आकडे पाठ असतात.

आता स्वतःला विचारा. आत किती फूट? राग आहे, भीती आहे, की कुणीतरी सोडून जाईल ही धास्ती? कुठे चढलंय बघा. जबड्यात, छातीत, पोटात. आकडा मनात म्हणा. एवढंच.

थांबूया थोडं.

काहींच्या आत पाणी झपाट्याने चढतं आणि फार सावकाश उतरतं. त्यांना ‘एवढं काय झालं?’ म्हटलं की ते आणखी चढतं. मार्शा लिनेहान अशीच एक मुलगी. १९६१ मध्ये, सतराव्या वर्षी, मनोरुग्णालयात पोचलेली, तिथे स्वतःला इजा करत राहिलेली. पुढे सिअॅटलमध्ये मानसशास्त्रज्ञ म्हणून तिने ‘डायलेक्टिकल बिहेव्हियर थेरपी’ उभी केली. नुसतं ‘बदला’ म्हटलं की रुग्णांना वाटे, आपल्यालाच दोष देताहेत. नुसतं ‘स्वीकारा’ म्हटलं की वाटे, म्हणजे आता असंच जगायचं. तिने दोन्ही एकत्र धरलं. मला या उपचाराचा प्राण तिथेच दिसतो.

श्वास घेताना म्हणा, पाऊस मी पाडला नाही. सोडताना म्हणा, सामान माळ्यावर मलाच चढवायचंय. पुन्हा एकदा. दोन्ही खरं आहे.

सामान चढवायचं ते ३९ ला. समजा, हातात फोन आहे. निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही. बोटं चार जळजळीत ओळी लिहायला शिवशिवताहेत. घडलंय काय? निरोप वाचला गेला, उत्तर आलं नाही. ‘मला टाकलं’ हे आपण जोडलंय. फोन पालथा ठेवा.

४३ च्या वर विचार चालत नाही, तिथे आधी शरीर. परातीत गार पाणी घ्या, श्वास रोखून डोळे-गाल बुडतील असा चेहरा थोडा वेळ त्यात धरा. बुडी मारल्यावर मंदावतात तसे हृदयाचे ठोके मंद होतात. (हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.) आणि स्वतःला इजा करावीशी वाटत असेल, तर मनन राहू द्या, १४४१६ लावा. ही टेली-मानसची सरकारी सेवा आहे, रात्रंदिवस, मराठीतही. पुरात होडीला हाक मारतो तशी हाक मारा.

आता मन राधानगरीला न्या. धरणाच्या स्वयंचलित दरवाजांना कुणी हात लावत नाही. पाणी भरलं की उघडतात, उतरलं की मिटतात. भावनाही उतरते, जुनी उणीदुणी उगाळून आपण वरून नवं पाणी सोडलं नाही तर. तोवर बसून राहायचं. अवघड आहे, मला ठाऊक आहे. बसा.

परत घाटावर या. पायरीच्या दगडावर ओली रेघ आहे, आणि पाणी तिच्या बोटभर खाली. आता किती फूट?